भावी सासऱ्यांबरोबर बारा महिने

आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. शाळेत भूमितीच्या पुस्तकात 'अंडाकृती' आलं तेव्हा आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी ते 'लांबगोल' असं पाठ केलं आणि परीक्षेत त्यापायी एक गुण घालवला. गळ्यात लिंग, सोमवारी उपास, कांदा-लसूण चालेल पण त्याच्यापुढं पाऊल नाही, असं आमचं घर. अशा घरातला मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराच्या मुलीच्या प्रेमात पडलो. पूर्व भागातल्या गल्लीतून रविवारी सकाळी नऊ वाजता गेलात तर निम्म्या घरांत मटण शिजत असतं आणि उरलेल्या निम्म्या घरांतला माणूस ते आणायला गेलेला असतो.

ती आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. पुढं ती औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट झाली आणि मी वडिलांच्या बी-बियाणांच्या दुकानात बसायला लागलो. लग्नाचं घरी सांगायचं ठरलं तेव्हा आम्ही जात, भाषा, पत्रिका अशा सगळ्या विषयांवर उत्तरं तयार ठेवली होती. दोन्ही घरांनी ते विषय पाच-पाच मिनिटांत उरकले आणि थेट स्वयंपाकघरात येऊन अडून बसले.

आई म्हणाली, "मी न्हाई म्हणत न्हाय. फकस्त मला विचारू नका." आमच्या घरात हे नकारापेक्षा मोठं समजलं जातं. नकार दिला की निदान भांडता तरी येतं. वडिलांनी मला दुकानात बाजूला घेऊन तिचं म्हणणं समजावून सांगितलं. मुलगी चांगलीच असणार, पण जावई म्हणून तू त्यांच्या घरी जाणार, पंगतीला बसणार, आणि पुढं नातवंडं आजोळी जाणार. अजून जन्माला न आलेलं आमचं पोर तिथं बसून मटणाची नळी चोखतंय, हे चित्र आईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

तिच्या वडिलांचं दुखणं नेमकं उलटं होतं. त्यांनी उभा जन्म चादरीच्या मागावर काढलेला, आता घरी असत. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी ना दुकानाची चौकशी केली, ना शेतीची. त्यांनी विचारलं, काय काय खातोस. मी यादी सांगितली. यादी अजून पुढं जाईल म्हणून ते जरा वेळ थांबले, पण ती संपली होती. मग त्यांनी आपल्या मुलीकडं असं पाहिलं की मलाच तिची कीव आली.

मटण खा, असं मात्र ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. जो माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघून नाक मुरडतो, तो दुसऱ्याची मुलगी सुखात ठेवत नाही. आणि नाक मुरडतो की नाही हे एका चहात कळत नाही. त्यासाठी चारी ऋतू बघावे लागतात.

"एक वर्ष माझ्याबरोबर फिर," ते म्हणाले. "तुला जमतंय ते खा. न्हाय जमत ते खाणाऱ्याजवळ गप बसून दाखव. मग सांगतो."

तर असा मी दोन टोकांना बांधला गेलो. एका टोकाला 'मग सांगतो' आणि दुसऱ्या टोकाला 'मला विचारू नका'. मध्ये सोलापूर.

तेव्हा फेब्रुवारी चालला होता, हुरडा संपत आलेला. काकांच्या (मी त्यांना काका म्हणायचो, कारण मामा म्हणायची अजून परवानगी नव्हती) ओळखीच्या एका रेल्वेतल्या माणसाचं होटगीच्या पुढं रान होतं. तिथं आगटीत गोवऱ्या पेटलेल्या, कणसं भाजली जातायत, तळहातावर चोळून गरम हुरडा पुढं येतोय, जोडीला शेंगाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. मला वाटलं, देवानं पहिलाच पेपर सोपा काढला. हुरडा आमच्या घरचा. यात मी मार खाणार नाही.

मी मार खाल्ला. ज्वारीचं कणीस दिसलं की मला गप्प बसवत नाही, हा धंद्याचा दोष. मालदांडी कशी ओळखायची, हुरड्याचं वाण वेगळं का लागतं, दाणा दुधात असताना काढला तर काय होतं आणि दोन दिवस उशीर झाला तर काय होतं, हे सगळं मी काकांना सविस्तर सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. माझं बोलणं संपलं तेव्हा माझ्यापुढचा हुरडाही संपला होता आणि तो मी खाल्लेला नव्हता. परतताना ते मुलीला फोनवर तेलुगूत काहीतरी बोलले. संध्याकाळी तिनं मला त्याचं मराठी करून सांगितलं: पोरगं बरं आहे, पण खायच्या वेळेला तोंडाचा गैरवापर करतं.

मार्चपासून दर रविवारी सकाळी आमची फेरी सुरू झाली. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, एक चादर आणि एक चटणीचं पाकीट घेतात आणि सोलापूर संपलं म्हणून निघून जातात. त्यांचा मला आधीपासून राग होताच, पण काकांबरोबर फिरायला लागल्यावर कळलं की मीही माझ्याच गावात पाहुण्यासारखा राहत होतो. माझं सोलापूर म्हणजे चार शाकाहारी हॉटेलं आणि मंडई. काकांचं सोलापूर फार बारकाईनं वाटलेलं होतं. एका ठिकाणी एकच गोष्ट खायची, असा त्यांचा नियम. इडली एका गाडीवरची, पण त्या गाडीवरची चटणी त्यांना पसंत नव्हती. म्हणून ते पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या गाडीवरून डब्यात चटणी भरून आणत आणि पहिल्या गाडीवर उभं राहून, त्याच्याच देखत, ती लावून खात. दोन्ही गाडीवाले बरीच वर्षं हे न बघितल्यासारखं करत होते. पाव-चटणीच्या ठिकाणी ते पाव सोडून नुसती चटणी वाटीत घेत. पाव कशाला सोडता, असं मी विचारलं तर म्हणाले, पाव घेतो की, पण तो त्या तिकडच्या बेकरीचा.

काही ठिकाणी माझ्यासाठी काहीच नसायचं. विजापूर वेशीजवळच्या एका हॉटेलात ते खिमा खात आणि मी समोर कांदा-लिंबू खात बसे. पहिल्या वेळी मी श्वास रोखून धरला होता. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मी कांद्याला मसाला लावून घेतोय आणि वेटर मला न विचारता दुप्पट कांदा आणतोय. तिथला मालक दखनीत काकांना म्हणाला, ये बच्चा क्या नाराज है क्या, खाताच नहीं. काकांनी सांगितलं, नाराज नाही, उमेदवार आहे. त्यानंतर माझ्यापुढं कांद्याबरोबर एक फालुदाही येऊ लागला.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरची माणसं दोनच वेळा घराबाहेर पडतात, एक पहाटे आणि एक नाइलाजानं. काकांनी त्या दिवसांचं वेगळं वेळापत्रक केलं होतं. उजाडायच्या आत नीरा, कारण नंतर तिची नियत बदलते. सातला ताक. नऊच्या आत उसाचा रस, बिनबर्फाचा. जो बर्फ घालतो तो रसात काहीतरी लपवतो, असा त्यांचा ठाम संशय. रसवंतीवाल्याला ते तोंडावर हे ऐकवत आणि तो निमूटपणे बर्फ बाजूला ठेवी. दहानंतर दार लावून माठातलं पाणी आणि गप्पा. त्या गप्पा त्यांच्या घरात व्हायच्या, ओट्यापासून चार हातांवर, आणि शिजणाऱ्या मटणाच्या वासात मी बसून राहायचो. नाक मुरडायचं नाही, एवढंच माझं काम. नाकाला आतून खूप काही वाटायचं, पण बाहेर मी त्याला सरळ ठेवलं होतं.

मे महिन्यात त्यांच्या घरी कैरीचं लोणचं घालायचं होतं, वर्षभराचं, आंध्राकडचं, लाल तिखट आणि मोहरीचं. मला बोलावलं ही फार मोठी गोष्ट होती. तिच्या आईनं आणि आत्यानं कैऱ्या आडकित्त्यानं फोडून चादरीवर पसरल्या होत्या आणि मला काम दिलं होतं एकेक फोड कोरडी पुसून ठेवायचं. मी पुसायला बसलो तर बघतो काय, प्रत्येक फोडीला कोयीचं टणक कवच तसंच चिकटलेलं. मला वाटलं, गडबडीत काढायचं राहून गेलं. इथं आपण मनानं काहीतरी करून दाखवावं, असं ठरवून मी चाकू घेतला आणि दोन तास बसून परातभर फोडींचं कवच खरवडून काढलं. बोटं सोलली. मोठ्या अभिमानानं मी ती परात तिच्या आईपुढं नेऊन ठेवली.

तिची आई परातीकडं बघत राहिली. आत्या जी खाली बसली ती उठेचना. त्या लोणच्यात कवच हेच फोडीला धरून ठेवतं, ते नसलं तर महिन्याभरात फोडीचा लगदा होतो, हे मला त्यांच्या लेकीनं स्वयंपाकघराच्या दारातून दबक्या आवाजात सांगितलं. हसू दाबता दाबता तिचे डोळे भरून आले होते. काका आले, त्यांनी परात बघितली, माझी बोटं बघितली आणि त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसले. त्या फोडींची चटणी करावी लागली आणि सगळ्या घरानं ती महिनाभर दोन्ही वेळा खाल्ली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ह्या पोरानं आमचं वर्षाचं लोणचं महिन्यात संपवलं. पण सांगताना ते 'ह्या पोरानं' म्हणत, हे मी टिपून ठेवलं.

इकडं आई काही विचारत नव्हती आणि मी काही सांगत नव्हतो. रविवारी मी घरी आलो की ती माझ्या शर्टाचा वास घेई आणि तो वेगळ्या बादलीत टाकी. एवढ्यावर भागत होतं. मग पाऊस लागला, उजनी भरलं, धरणाकाठच्या गावांतून बाजारात चिलापी मासळी यायला लागली.

काकांना ताजी चिलापी हवी होती आणि त्यांची पिशवी धरायला मी होतो. अर्धवट जिवंत मासे पिशवीत घालून ती त्यांनी माझ्या स्कूटरवर माझ्या दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि स्वतः मागं बसले. सिग्नलला थांबलो. शेजारी रिक्षा आली. रिक्षात आईच्या भजनी मंडळातल्या काकू. त्यांनी माझी विचारपूस केली आणि पिशवीत काय आहे ते विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बियाणं हाय काकू." त्याच क्षणी बियाण्यानं उडी मारली. शेपटीसकट.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ती वडिलांशी बोलायची ती कानडीत, आणि कानडीत ती फक्त फार दुखावली की जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ती स्वतः स्कूटर धूत होती, आधी साबणानं, मग हळदीच्या पाण्यानं. शेवटी तिनं हेडलाइटच्या वर भस्माचे तीन पट्टे ओढले. मला आधी हसू आलं. मग ती तशीच ओल्या हातांनी देवघरात जाऊन बसली. माझं लग्न तिथल्या तिथं मोडलं, असं मला त्या सकाळी स्पष्ट दिसलं.

श्रावणात काकांनी महिनाभर सगळं सोडलं. दहा दिवसांतच त्यांचा चेहरा उतरला, बोलणं तुसडं झालं. एकदा रस्त्यात मध्येच थांबून त्यांनी मला अगदी मनापासून विचारलं, "तुमी लोक बारा म्हैने असंच जगता?" मग मी त्यांना आमच्यातल्या एका खानावळीत घेऊन गेलो. पिठलं, ठेचा, धपाटे, दही आणि कडक भाकरी. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी ती भाकरी त्यांनी आधी कानाजवळ नेऊन मोडली. आवाज पास झाला. मग त्यांनी खाल्ली, आणि बराच वेळ मीसुद्धा बोललो नाही, कारण हुरड्याच्या वेळचा धडा लक्षात होता. निघताना त्यांनी भाकऱ्यांची चळतच बांधून घेतली. माझ्या वाट्याला वर्षभरात आलेला तो एकमेव विजय. घरी येऊन आईला सांगावंसं फार वाटलं, पण तिला विचारायचं नव्हतं, म्हणजे सांगायचंही नव्हतं.

दिवाळीनंतर काकांनीच विषय काढला. मंद्रूपला आमचं रान आहे हे त्यांना ठाऊक होतं. वेळ अमावस्येला तुमच्याकडं सगळे रानात जेवायला जातात ना, त्यांनी विचारलं. हो म्हणालो. आणि त्या दिवशी रानात आलेल्या कुणालाही परत पाठवत नाहीत ना? मी म्हणालो, नाही, वाटसरूलासुद्धा जेवल्याशिवाय सोडत नाहीत. "मग मी येतो," काका म्हणाले. "तुझी आई मला घरी न्हाय बोलवणार. रानातनं घालवूबी शकणार न्हाय."

वडिलांना हे कळलं तेव्हा ते नुसते हसले. आईला नुसतं सांगितलं, विचारलं नाही. पण मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येच्या पहाटे ती चारला उठली आणि दरवर्षीपेक्षा मोठं पातेलं तिनं चुलीवर चढवलं. वेळ अमावस्येची भज्जी म्हणजे चहाबरोबरची कांदाभजी नव्हे, ही पातेल्यातली भज्जी. हरभऱ्याचे सोले, तूर, वाटाणा, वाल, गाजर, वांगं, पालेभाज्या, चिंच, बेसन, त्या दिवसांत रानात आणि मंडईत जे जे हिरवं मिळतं ते सगळं तीत जातं. जोडीला बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील, गव्हाची गोड हुग्गी, शेंगाच्या पोळ्या. ही भज्जी आईच्या हातची गावात नावाजलेली होती, पण घरात तिला कोण विचारतं. वडिलांना डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलेलं, आणि मी मोबाइल बघत दोन घास गिळून उठणारा. तिनं पुन्हा वाढायला यावं आणि आम्ही ताटावर हात आडवा धरावा, हे आमच्या घरचं रोजचं जेवण.

काका एकटेच आले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात लोणच्याची बरणी. कवचवाल्या फोडींची. रानात कडब्याची खोपटासारखी कोप घातली होती, पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. काकांना पहिल्या पंगतीला बसवलं. तेवढ्यात वडिलांचे दोन मित्र वाट चुकून भलत्याच रानात गेल्याचा फोन आला आणि त्यांना आणायला मला जावं लागलं. जाताना बघितलं, आई ओगराळं घेऊन काकांच्या पंगतीकडं निघाली होती, चेहरा दगडासारखा.

अर्ध्या तासानं परत आलो तर पंगत उठली होती. एकटे काका बसले होते. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, कपाळावर घाम, डोळे जरा वर गेलेले. आणि पुढं आई उभी होती. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी माझ्या जन्मात बघितला नव्हता. ती त्यांच्या ताटात भज्जी ओतत होती आणि काका म्हणत होते, "चालु, चालु."

वर्षभर तिच्या घरी बसून मी चार तेलुगू शब्द शिकलो होतो, त्यातला हा पहिला. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बास. आता नको. आणि आईला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. तिच्या कानाला ऐकू येत होतं, चालू, चालू. म्हणजे थांबू नका, येऊ द्या. बिचारा माणूस पुरे पुरे म्हणून गयावया करत होता आणि आई दर वेळी आणखी खूश होऊन आणखी वाढत होती. आमच्यात ताटात अन्न टाकणं वाईट, आणि त्यांच्यातही. ते जेवढं पडेल तेवढं संपवत होते.

मी धावत गेलो. आई, त्यांना, असं म्हणून तोंड उघडलं, तर काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तिथंच थांबलो. मला वाटलं, संपलं. वर्षभराचं सगळं संपलं. आईनं आणखी एक उंडा ठेवला. काकांनी तो खाल्ला. मग त्यांनी कसेबसे हात धुतले, आईला नमस्कार केला आणि वडिलांनी त्यांना गाडीत घालून सोलापूरला पोचवलं.

आई आणि मी एसटीनं परतलो. वाटेत ती म्हणाली, एवढ्या वर्षांत माझ्या हातचं एवढं मागून मागून कुणी खाल्लं न्हाय. आणि थोड्या वेळानं, "त्यांच्या घरी बोलायला कधी जायचं?"

दोन दिवस काका अंथरुणावर होते. पोट तटतटलेलं, ओव्याच्या पाण्याशिवाय काही जात नव्हतं. फोनवर ती सांगायची आणि मला अपराधी वाटून जेवण जायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. ते खाटेवर बसले होते. मी सगळं कबूल केलं: आईला तेलुगू येत नाही, तिला वाटलं तुम्ही मराठीत बोलताय, तिनं मुद्दाम नाही केलं, आणि मी वेळेवर बोलायला हवं होतं.

त्यांनी ओव्याच्या पाण्याचा पेला खाली ठेवला.

"जलम गेला माझा मागावर," ते म्हणाले. "माग चालू, लाइट चालू, पाळी चालू. मराठीतला चालू मला कळत न्हाय व्हय? पयला चालु आमचा होता, तोंडातनं गेला. ती वाढून वर तोंड करून बघाय लागली, तवा मी तिचं तोंड बघितलं." पेला पुन्हा उचलत म्हणाले, "पुढचे सगळे तुमचे होते."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. काकांनी, म्हणजे मामांनी, पाठीवर थाप मारली आणि हुग्गी मात्र जरा जास्त झाली म्हणाले.

लग्नाला आता चार वर्षं झाली. माझी बायको माहेरी हवं ते खाते, आमच्या घरी आमचं खाते, आणि आईनं त्या विषयावर कधी ब्र काढलेला नाही. मामा दर वेळ अमावस्येला मंद्रूपला येतात, आई वाढते, ते चालु चालु म्हणतात आणि पुढचे दोन दिवस ओव्यावर काढतात. खरं काय ते मी आईला कधी सांगितलं नाही. तिचा तो आनंद मोडायची माझी हिंमत नव्हती.

यंदा कोपीमागं पातेल्याजवळ आई आणि माझी बायको दोघीच होत्या. बायकोला आपल्या वडिलांची दया आली असावी. मी पाणी घ्यायला गेलो तेव्हा ती आईला हळूच सांगत होती, आई, ते चालु म्हणतात म्हणजे पुरे म्हणतात हो.

आई ओगराळं भरत होती, ती थांबली नाही.

"म्हाईत हाय गं मला," ती म्हणाली. "तू आलीस त्याच म्हैन्यात कळलं. पण आता मी थांबले तर त्यांना वाटंल, पोरगी दिल्यावर हिनं हात आखडला."

आणि ती भज्जी घेऊन मामांच्या ताटाकडं गेली.